वस्तऱ्याने कापलेली गोळी

मी एक जुनी, गोळ्या कापायची डबी आहे. हसू नका, मित्रांनो. काडेपेटीएवढा माझा जीव. झाकणाच्या आत एक छोटे पाते आहे. खाचेत गोळी ठेवून झाकण दाबले की तिचे दोन सारखे तुकडे होतात. एवढेच मला येते, पण प्रत्येक वेळी मला धास्ती वाटते. तुकडा लहानमोठा झाला तर? गोळीचा चुरा झाला तर? कारखान्यात माझ्या बहिणी टोपलीत खुशाल लोळत होत्या, आणि मी मात्र माझे झाकण नीट बसते का, याचीच काळजी करत होते.

औषधांच्या दुकानातून मला सलूनवाल्या काकांनी घरी आणले. पुढे त्यांचे केस कापायचे दुकान, मागच्या खोलीत घर. आरशाखालच्या खणात कंगव्यांच्या शेजारी मला जागा मिळाली. मी येण्याआधी काकांना कारण नसताना धडकी भरायची. छाती धडधडे, हातपाय गार पडत, कात्री हातात धरवत नसे. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्यांनी ते सावरले आणि दुकान पुन्हा सुरू झाले. हे मुद्दाम सांगते, कारण लोक गोळ्यांना उगाच नावे ठेवतात.

मग बाई म्हणाल्या, "आता हळूहळू कमी करू. आधी अर्धी. पुढचं मी सांगेन तेव्हाच. मनाने काही करायचं नाही." त्या अर्धीसाठीच काकांनी मला आणले.

सुरुवातीला काका माझे फार कौतुक करत. "हिचं माप बघ, माझ्या कात्रीच्या तोडीचं!" असे ते काकूंना म्हणत आणि मी फुलून जाई.

पण सलूनमध्ये दोन गोष्टी फुकट मिळतात, पंख्याचा वारा आणि सल्ला. एकदा एक टेम्पोवाला दाढी करून घेताना म्हणाला, "अजून गोळ्याच खाता? माझ्या मेव्हण्याने तर एका झटक्यात सोडल्या!" काका वरवर हसले, पण ते त्यांना फार लागले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बाजूला सारले आणि वस्तरा काढला. "जन्मभर हा चालवला, मला डबी कशाला हवी?" अर्धीची पाव झाली, मग तिचीही नुसती कड उरली. वस्तऱ्याला धार होती हो, पण बाई काय म्हणाल्या हे त्याला कुठे ठाऊक! मी खणातून ओरडत होते, "काका, आधी बाईंना विचारा!" पण डबीचे कोण ऐकते?

काकांची झोप उडाली. दार वाजले तरी ते दचकू लागले. एका सकाळी म्हातारे मास्तर खुर्चीत बसले होते, गालांना फेस, गळ्याशी वस्तरा. आणि काकांचा हात थरथरू लागला. माझा जीव टांगणीला लागला. काकांनी कसाबसा वस्तरा खाली ठेवला आणि अर्धी दाढी तशीच सोडून ते आत गेले.

काकूंनी मास्तरांच्या हातात टॉवेल दिला आणि त्या मागोमाग गेल्या.

"संपलं सगळं," काका म्हणाले. "होतो तिथेच आलो मी. दुकान बंद करू." मग त्यांनी वस्तऱ्याचेही सांगून टाकले.

काकूंनी विचारले, "तुम्ही स्वतःच्या मानेवरचे केस स्वतः कापता?"

"नाही. समोरच्या दुकानात कापून घेतो."

"का? हात तर तुमचा गल्लीत पहिला."

"मागचं दिसत नाही ना."

"मग हेही तुम्हाला दिसत नाही. बाईंना दिसतं. उठा, चपला घाला."

बाई रागावल्या, पण थोड्याच. परत आल्यावर काकूंनी बाईंचे बोलणे काकांना पुन्हा जसेच्या तसे ऐकवले, "पुन्हा अर्धीवर या. तिथे नीट थांबू. पुढची पायरी आणखी लहान करू. मागे येणं म्हणजे नापास होणं नाही." काकांना ते लगेच पटले नाही. मला पुन्हा हातात घेताना त्यांचे डोळे भरून आले. मी जमेल तेवढा सारखा तुकडा केला.

त्यानंतर काही दिवस चांगले गेले, काही दिवस काका दाराशी नुसते बसून राहिले. केस ते कापत, पण वस्तऱ्याला हात लावत नसत. मग एकदा मास्तर आले.

"मास्तर, नको. दुसरीकडे जा," काका म्हणाले.

मास्तर खुर्चीत बसले आणि त्यांनी मान वर केली. "थांबला हात तर थांबू दे. मला कुठे शाळेत जायचंय?"

हात एकदा थांबलाच. मास्तर डोळे मिटून बसून राहिले. मग वस्तरा पुन्हा चालू लागला आणि दाढी पूर्ण झाली.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी अशी गोळी कमी करत असेल, तर 'अजून सुटली नाही का?' असे विचारू नका. मास्तरांसारखे थोडे बसून राहा. जुन्या वस्तू नेहमी म्हणतात, आम्हाला अडगळीत टाकू नका. मी उलटे म्हणते. एक दिवस काकांनी मला खुशाल अडगळीत टाकावे. मला वाईट वाटणार नाही. फक्त त्यांनी घाई करू नये. तोवर मी इथेच आहे.