सुट्टीतली सर्दी

कापलेला कांदा नाकाशी धरला. काही नाही. फिनेलच्या बाटलीचं बूच काढून हुंगलं. तरी काही नाही. जाऊबाई चारचौघांत मला नाकानं कांदे सोलणारी म्हणतात, आणि आज त्याच नाकाला कांदा कळेना.

"आई, कांद्याशी काय बोलतेयस?" लेक दारातून म्हणाली.

"सर्दी किती झालीय ते बघतेय. बाबा कधी येतो म्हणाले होते?"

"उन्हं उतरायच्या आत."

उन्हं कधीच उतरली होती. दिवे लागले होते.

हे शाळेची बस चालवतात. शाळा चालू असली की मला भीती नसते, म्हणजे कमी असते. सकाळी दुसऱ्यांची पोरं गाडीत घ्यायची आहेत म्हटलं की संध्याकाळी हे स्वतःच दाराला कडी घालून बसतात. पिणं सुटलं तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, "सुट्ट्या सांभाळा बरं." मला हसू आलं होतं. सुट्टी काय चावते का! चावते हो. वर्षअखेरीची सुट्टी लागली आणि हे घरभर नुसते फिरायला लागले. खुर्चीवरून पलंगावर, पलंगावरून खिडकीत.

मी लॉन्ड्रीत काम करते. मळके कपडे मोजून घ्यायचे, धुऊन आले की इस्त्री करायची. कुणाच्या कपड्यांना काय वास येतो ते हातात घेतल्या घेतल्या कळतं. घरीही मी तेच करते. हे बाहेरून आले की म्हणते, "द्या तो शर्ट, भिजत टाकते," आणि मोरीकडे जाता जाता कॉलर नाकाशी धरते. दारू घामातून येते, लपत नाही. कॉलर चांगली निघाली की चहा टाकते. ह्यांना कळत नसेल असं नाही, पण कधी बोलले नाहीत. असं आमचं बरं चाललं होतं. तर नेमकी आत्ताच ही मेली सर्दी!

आज हे गेले होते थोरल्या भाऊजींकडे. सुट्टीत सगळे तिथेच जमतात. भाऊजी मनानं वाईट नाहीत, पण पाहुण्याच्या हातात पेला नसला की त्यांना स्वतःचा अपमान झाल्यासारखा वाटतो. "एकानं काय होतंय रे? बायकोला एवढा भितोस?" हे त्यांचं ठरलेलं. मी ह्यांना म्हटलं, नका जाऊ. तर म्हणाले, "आईला भेटून येतो. तिनं काय केलंय?" खरंच, सासूबाईंनी काय केलंय? मीही गेले असते, पण अंगात कणकण आणि दुकानात कपड्यांचा डोंगर.

शेवटी फोन लावला. पलीकडे गाण्यांचा नुसता धुडगूस.

"अगं, ते मघाशीच निघाले," जाऊबाई ओरडून म्हणाल्या. "सुट्टीत तरी सोड की त्यांना जरा!" आणि हसल्या.

मघाशीच निघाले, मग आहेत कुठे? आणि ह्या हसल्या कशाला? काही घडलं म्हणून हसल्या, की उगाच?

तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली. फिरली आणि अडली. पुन्हा फिरली. मी जीव मुठीत धरून उभी.

हे आत आले. डोळे लाल, केस विस्कटलेले, तोंडात पेपरमिंटची गोळी.

"उशीर झाला?" मी विचारलं.

"चालत आलो."

"एवढ्या लांबून?"

"बसथांब्याला लागून ते दारूचं दुकान आहे ना. आज त्याची रांग पार थांब्यापर्यंत आलेली. म्हटलं, तिथं उभंच राहायला नको."

पटण्यासारखं होतं. पण पीत होते तेव्हाही ह्यांचं सगळं पटण्यासारखंच असायचं.

शर्ट घेतला. कॉलर नाकाशी नेली. चांगला नाही, वाईट नाही, वासच नाही. भिंतीला नाक लावावं तसं.

मी लेकीकडे पाहिलं. "बाबांना पाणी दे जा. जवळ जाऊन दे."

ती गेली. पेला दिला, त्यांच्या गळ्यात पडली आणि धावत माझ्याकडे स्वयंपाकघरात आली.

"काही नाही," कानाशी कुजबुजली.

मी तिला काहीच विचारलं नव्हतं.

"काय काही नाही?"

"वास."

नऊ वर्षांचं पोर! म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं. मला रडूच फुटलं असतं, पण भीती त्याहून मोठी होती. "नक्की ना गं?" मी विचारलं.

"आई, मी श्वासच घेतला नाही. वास आला असता तर?"

मागे खुट्ट झालं. हे दारात उभे होते, हातात रिकामा पेला. सगळं ऐकलं होतं.

संपलं, मला वाटलं. आता हे पायांत चपला सरकवणार आणि सरळ त्या रांगेत जाऊन उभे राहणार. आणि या वेळी पाठवणारी मी.

ह्यांनी पेला ओट्यावर ठेवला. माझ्या हातातला शर्ट घेतला, लॉन्ड्रीच्या एका प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला आणि वर गच्च गाठ मारली. एकीवर दुसरी.

"सर्दी किती दिवस राहते गं?"

"चार-पाच दिवस."

"मग ही फळीवर राहू दे. नाक सुटलं की सोड." मग लेकीपुढे उकिडवे बसले. "तू नाही हुंगायचंस, बाळा. ते तुझं काम नाही."

दुसऱ्या दिवशी अंगावरचा शर्ट काढला तो पिशवीत. तिसऱ्या दिवशीही. फळीवर पिशव्यांची रांग लागली आणि पुढे घालायला शर्टच उरला नाही. हे बनियनवर घरात बसून राहिले. हसण्यासारखं होतं, पण आमच्यात कुणी हसलं नाही.

मग एका दुपारी दुकानात ओल्या कपड्यांवर इस्त्री टेकवली आणि वाफेचा वास आला. मी तशीच घरी आले.

"सुटलं?" ह्यांनी विचारलं. माझ्या तोंडाकडे बघूनच त्यांना कळलं होतं. उठून खिडकीशी गेले आणि पाठ करून उभे राहिले.

गाठी नखांनी सुटेनात. कात्रीनं कापल्या. पहिल्याच दिवसाचा शर्ट आधी काढला. कॉलर नाकाशी धरली आणि खोल श्वास घेतला. घाम. रस्त्यावरची धूळ. थोडं पेपरमिंट. मग बाकीचेही हुंगले, एकूण एक.

"नाहीये हो," मी म्हटलं. "कशालाच नाहीये."

हे वळले तेव्हा पार घामाघूम झाले होते.

"तुम्हाला कसली भीती? तुम्हाला तर माहीत होतं."

"मला माहीत होतं," हे म्हणाले. "पण वास नसला तरी तुला येईल, असं वाटत होतं."

मी शर्ट गोळा करून बादलीत टाकले आणि मोरीकडे निघाले, तर ह्यांनी बादली माझ्या हातून काढून घेतली. बनियनवरच खाली बसले, साबणाची वडी ओली केली आणि एकेक कॉलर स्वतः घासायला लागले.

शाळा उघडायला अजून आठवडा होता.