एकाच ताटातली कासवं

ठमी हे आमच्या आईचं कासव. आई गेल्यावर बाबांनी तिच्या साड्या वाटून टाकल्या, पण ठमीला कुणाला हात लावू दिला नाही. दुर्गजवळच्या रिसालीतल्या आमच्या घरामागं, पेरूच्या सावलीत, जुन्या कूलरची टाकी आडवी पाडून तिला घर केलं होतं. बाबा रोज सकाळी तिथं स्टूल टाकून बसायचे आणि आईला सांगायच्या गोष्टी ठमीला सांगायचे. मी पद्मनाभपूरहून दर रविवारी स्कूटीवर यायचे, मला मात्र नुसतं "आली का" एवढंच मिळायचं.

मग त्यांच्या डोक्यात भूत शिरलं. ठमी एकटी पडली म्हणे.

"तिनं तुम्हाला येऊन सांगितलं का?" मी विचारलं.

"एकट्याले जेवण जाते का, शिल्पा? मले विचार."

स्टील प्लांटमधले त्यांचे जुने सोबती हिरालालकाका यांच्याकडून त्यांनी दुसरं कासव आणलं. बंड्या. अंगानं ठमीच्या दीडपट, आणि मिजास तर विचारूच नका.

बाबांनी त्याला त्याच टाकीत सोडलं आणि दोघांना मिळून एकच स्टीलचं ताट लावलं. मी दुसरं ताट आणलं तर माझ्यावरच ओरडले. "मी अन् तुझी आई जलमभर एका ताटात जेवलो. त्यानं माया वाढते. वेगळं ताट कायले पाहिजे?"

माया कसली आलीय! बंड्या ताटापुढं आडवा बसायचा. काकडी, पालक, जास्वंदाची फुलं, सगळं फस्त. ठमी जवळ आली की तिला धडक, आणि वर तिच्या पाठीवर चढून बसणं. ती बिचारी डोकं आत ओढून कोपऱ्यात पडून राहायची. बाबा शेजाऱ्यांना बोलावून कौतुकानं दाखवायचे, "पाहा, कसा लाड करून राहिला!"

"लाड नाही बाबा, दाबून राहिलाय तिला."

"तुले सगळीकडे भांडणच दिसते."

माझा स्वभाव तापट आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे मी खरं बोलले तरी कुणी मनावर घेत नाही. ठमीला माझ्याकडे नेते म्हटलं, तर बाबांचे डोळे भरून आले. "आता हे पण नेतेस का?" मग माझाच जीव झाला नाही.

एका रविवारी मी ठमीला उचललं. हाताला वजनच लागेना. तशीच टोपलीत घालून, बाबांना मागं बसवून दुर्गला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेली. त्यांनी तिला उलटसुलट पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "अंकल, इनको साथ की ज़रूरत नहीं होती. ये अकेले ही ठीक रहते हैं. इसको खाना मिला ही नहीं."

ठमी त्या आठवड्यातच गेली.

पेरूखाली खड्डा बाबांनीच खणला. मला कुदळीला हात लावू दिला नाही. माती सारखी करून ते तिथंच बसले, आणि म्हणाले, "शिल्पा, मी जेवून उठलो का मग तुझी आई त्याच ताटात जेवाले बसे."

"हो, बाबा."

"भाजी बहुतेक मीच संपवत होतो ना?"

मी कुदळीची माती पुसायला लागले.

"तिचं पोट भरत होतं का, बाई?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण मागचं सगळं आवरून झाल्यावर ओट्याशी उभी राहून कोरडी पोळी तिखटमिठाशी खाणारी आई माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

"नाही," मी म्हटलं. "बरेचदा नाही."

"मंग मले सांगितलं कावून नाही?"

"आईनं शपथ घातली होती. म्हणायची, त्यांना कळलं तर त्यांच्या घशाखाली घास उतरणार नाही."

बाबांनी ओल्या मातीवर हात ठेवला आणि लहान पोरासारखे हुंदके देऊन रडायला लागले. मी त्यांना जवळ घेतलं, पण समजूत काय घालणार, मलाच रडू आवरत नव्हतं.

"कमल," ते मातीकडे पाहून आईला म्हणाले, "मांगायचं तरी होतं व."