बांधलेला श्वास

अंगणात माणसं एकेचाळीस, कठड्यावर चढून बसलेली पोरं नऊ, जुनी डिझेल गाडी एक, तिच्याखाली अंथरलेली पांढरी चादर एक, आणि चादरीवर काळे डाग सात. धाकटीनं दोनदा मोजलं. मोजत राहिलं की भीती जरा लांब उभी राहते, असा तिचा आजवरचा अनुभव होता. आज ती लांब उभी राहायला तयार नव्हती.

"सात," थेंब महाराज म्हणाले. "सांगितलं होतं ना, सात ठिकाणांहून फुटेल?"

गेल्या खेपेला त्यांनी 'ठिकठिकाणांहून' म्हटलं होतं, हे धाकटीच्या वहिनीला पक्कं आठवत होतं. पण महाराजांनी सात म्हटल्याबरोबर अख्ख्या अंगणाला सातच आठवलं. पिठाच्या गिरणीचा मालक, ज्याला सगळे चक्कीवाला म्हणत, त्यानं तर शेजाऱ्याला शपथेवर सांगितलं की आपण सात हा आकडा कानांनी ऐकला.

गाडी दादाची होती. दादा म्हणजे धाकटीचा थोरला भाऊ. दीड वर्षापूर्वी डोंगररस्त्यावर दरड कोसळली आणि पायी चाललेला दादा तिच्याखाली गेला. त्याच दरडीनं रस्त्याचीही वाट लावली. बस बंद झाली आणि चारही चाकांनी ओढणारी, पोट जमिनीपासून उंच असलेली गाडीच काय ती वर चढायची. वहिनी नवऱ्याचं दुःख बाजूला ठेवून ती गाडी चालवायला शिकली, कारण तिच्या सासऱ्यांची, आबांची, मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून दोनदा त्यांना खाली शहरातल्या दवाखान्यात नेऊन मशीनवर रक्त धुऊन आणावं लागे.

गाडी जुनी, तेव्हा एखाददुसरा थेंब दादाच्या काळापासूनच गळायचा. दादा म्हणायचा, जुनी गाडी गळत नसेल तर समजावं की तिच्यातलं तेल संपलंय. पण दादा गेल्यावर एका सकाळी आबांनी तो काळा डाग पाहिला आणि मटकन खाली बसले. बातमीला पाय फुटले, आणि त्या पायांनी थेंब महाराज दारात आले. धाकटी त्यांना मनातल्या मनात ठिबक महाराज म्हणत असे. पिकाला मिळालं नसेल इतकं पाणी या माणसानं लोकांच्या डोळ्यांतून काढलं होतं.

महाराजांनी बॉनेट उघडायला लावलं, डोळे मिटले, हवेत हात फिरवला. मग इंजिनाच्या माथ्यावरून निघून बाजूनं खाली गेलेल्या एका नळीच्या तोंडावर काळी चिंधी बांधली आणि वरून मेण ओतलं. "पोराचा जीव गाडीत अडकलाय. तो इथून श्वास घेतो. मी श्वास बांधलाय, आता भटकायचा नाही. पण कोंडला की रडेल, रक्त गाळेल. आणि ही गाठ जो सोडेल, त्याच्या घरातलं माणूस महिना काढणार नाही."

तेव्हापासून गाडी गळत होती. पूर्वी एक थेंब, आता थारोळं.

आज महाराजांनी वहिनीला इंजिन चालू करायला सांगितलं. घरघर वाढली. मग बॉनेटखाली, कुणाचाही हात लागलेला नसताना, तेल मोजायची पट्टी आपल्या नळीतून हळूहळू वर सरकू लागली. बोटभर, दोन बोटं. पट्टीच्या कडेनं काळं तेल बुडबुडलं आणि ओघळलं. एका बाईनं तोंडात पदर कोंबला. धाकटीच्या पाठीवरून काटा सरसरत गेला. विज्ञानाची पदवी घेतलेल्या मुलीच्या पाठीलाही काटा तसाच येतो.

"बाप समोर आहे म्हणून हात वर करतोय तो," महाराज म्हणाले.

आबांनी दोन्ही हात पुढे केले आणि ते तसेच राहिले. त्यांचे पाय घोट्यापाशी सुजून गुळगुळीत झाले होते. मशीनवर जायची एक खेप चुकली होती, कारण ते गाडीत बसायलाच तयार नव्हते. माझ्या पोराच्या रक्तावर बसून मला जगायचं नाही, एवढंच म्हणायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे.

महाराजांनी उपाय सांगितला: गाडी उद्या सकाळी आश्रमात न्यायची, तिथं ती शांत होईल. आश्रमामागं आणखी तीन गाड्या शांत होत होत्या; चौथी शांत झाल्यावर विकली गेली होती. मग निदान आबांना तुमच्या गाडीतून दवाखान्यात सोडा, असं वहिनीनं विनवलं. महाराजांची गाडीही तशीच उंच, डिझेलची, फक्त धुतलेली. ते म्हणाले, "माझ्या गाडीत आजार बसवत नाही मी."

गर्दी पांगल्यावर दोघी गाडीखाली शिरल्या. गळती शोधायची म्हणजे तेल जिथं टपकतं तिथं बघायचं नाही, हे वहिनीला दादानं शिकवलं होतं. तेल वर फुटतं, वाऱ्यानं मागं पसरतं आणि भलत्याच कोपऱ्यातून खाली पडतं. त्यांनी रॉकेल आणि ब्रश घेऊन इंजिन घासलं, फडक्यानं कोरडं केलं, मग वहिनीनं अंगाला लावायची पावडर पंप करून सगळीकडे उडवली. इंजिन पांढरंफटक झालं. चालू केल्यावर त्या पांढऱ्यावर एकेक काळी रेघ उमटू लागली. वरच्या झाकणाच्या कडेला. पुढच्या सीलपाशी, तेल अडवणाऱ्या रबरी कड्याजवळ. खालच्या टाकीच्या सांध्यात. मागं, इंजिन गिअरबॉक्सला जोडलंय तिथं. जणू आतून कुणी बोटांनी वाट शोधत होतं.

"वरच्या झाकणाखालचं गॅस्केट मी गेल्या आठवड्यात बदललंय," वहिनी दबक्या आवाजात म्हणाली. "नवं कोरं. तेही रडतंय. मला आता खरंच वाटायला लागलंय गं."

धाकटी विचार करत होती. एक सील म्हातारं होऊन जातं, ते समजू शकतं. पण नव्या-जुन्या सगळ्या सांध्यांनी एकदम दगा द्यायचा, तर दोष सांध्यांचा कसा? ढकलणारं काहीतरी आत हवं. तिनं घरातली पारदर्शक रबरी नळी घेतली, वाकवून तिच्यात पाणी भरलं आणि एक टोक पट्टीच्या भोकात घट्ट बसवलं. आत दाब नसता तर पाणी दोन्ही बाजूंना सारखं राहिलं असतं. वहिनीनं चावी फिरवली. पाणी नळीतून उसळलं आणि धाकटीच्या कपाळावर आदळलं.

"ती बांधलेली नळी कशाची आहे?"

"तिला गॅरेजात ब्रीदर म्हणतात, श्वासाची नळी. तिथनं नेहमी थोडा धूर यायचा."

धाकटी तशीच तेल-पाण्याच्या चिखलात बसून राहिली. पिस्टनच्या कडेनं थोडा गॅस रोजच खाली सुटतो, जुन्या इंजिनात जास्तच. त्याला बाहेर जायला ती एकच वाट. ती बुजवली की गॅस तेलाला प्रत्येक फटीतून बाहेर ढकलणार, पट्टीलाही वर उचलणार. नुसत्या चिंधीतून हवा निघून गेली असती. म्हणून वर मेण. इंजिनाला डझनभर नळ्या असताना डोळे मिटलेल्या माणसाचा हात बरोबर त्याच नळीवर गेला होता.

पण पुरावा अर्धाच होता. गाठ सोडून गळती थांबलेली दाखवायला हवी होती, आणि गाठीला हात लावायला वहिनी काही केल्या तयार होईना. "आणि आबांना काही झालं तर? आयुष्यभर लोक मला बोलतील, आणि मी मलाच बोलेन."

तेव्हा कुठे धाकटीला त्या शापाची खरी कळ सापडली. या घरात कोण मरणार, हे सांगायला दिव्यदृष्टी लागत नव्हती. आबांना दवाखान्यात नेणारी गाडी उभी ठेवली की महिन्याच्या आत आबा जाणार होते, आणि कुणीतरी गाठीला हात लावला असं महाराजांनी म्हटलं की शाप आपोआप खरा ठरणार होता. आणि मग पुढच्या गावांत गाठ सोडायची कुणाची छाती होणार होती?

सकाळी महाराज आले. गर्दी कालच्यापेक्षा दाट. धाकटी चिंधी आणि वाटीभर पातळ मेण घेऊन त्यांच्या गाडीपाशी उभी होती. गाडीचं इंजिन चालूच होतं.

"महाराज, रस्ता वाईट आहे. तुमच्याही गाडीला गाठ बांधते."

"माझ्या गाडीत कुणाचा जीव नाही, पोरी."

"मग काहीच व्हायचं नाही," ती म्हणाली आणि तिनं बॉनेट उचललं. चक्कीवाल्यानं, महाराजांची सेवा घडतेय या भावनेनं, ते धरूनही ठेवलं. तिनं नळी शोधली, तोंडावर चिंधी दाबली आणि वाटी कलती केली.

महाराज धावत आले. एवढ्या वेगानं त्यांना कुणी हलताना पाहिलं नव्हतं. "हात काढ! सगळी सीलं जातील ना!"

शब्द अंगणात पडला आणि तिथंच राहिला.

चक्कीवाल्याच्या गिरणीत पंधरा वर्षं डिझेल इंजिनच होतं. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सावकाश फिरलं. "महाराज," तो म्हणाला, "आत्म्याला सील कधीपासून बसवतात?"

कुणीतरी फिसकन हसलं, पण ते हसू पुढं गेलं नाही. महाराज सावरले होते. त्यांनी शांतपणे आबांकडे बोट केलं. "सोडा की गाठ. बघा म्हातारा किती दिवस पुरतो ते."

वहिनी मागं सरली. धाकटी पुढं झाली, तर आबांनी काठी आडवी धरली.

"तू नको. घरातलं माणूस जायचं असेल तर ते मीच आहे. मग गाठ मीच सोडतो."

सुजलेल्या बोटांनी मेण निघेना. त्यांनी ते नखानं खरवडलं. वहिनीनं इंजिन चालू केलं. पट्टी वर येऊ लागली, तेल बुडबुडलं. चिंधी सुटली आणि नळीतून करड्या धुराचा लोट आबांच्या तोंडावर आला. ते खोकले. वर आलेली पट्टी त्यांनी बोटानं खाली दाबली. ती तिथंच राहिली.

बोट धोतराला पुसून ते पुन्हा पट्टीवर वाकले.

"म्हणजे तो इथं नाही," ते म्हणाले.

"नाही, आबा."

"मला वाटलं, माझ्यासाठी हात वर केला."

धाकटीनं त्यांच्या हातातली चिंधी घेतली आणि लोकांकडे वळली. "चमत्काराला हात जोडायचे तर जोडा. पण आधी एवढं विचारा: हेच दुसऱ्याच्या गाडीला केलं तर होईल का? आणि जो कुणी ते करून बघू देत नाही, तो का देत नाही?"

महाराजांच्या गाडीचा आवाज तोवर उतारावर गेला होता. चक्कीवाला आणि आणखी दोघं आश्रमामागच्या तीन गाड्यांची बॉनेटं उघडून बघायला त्यांच्या मागोमाग निघाले.

वहिनीनं तेल भरलं, कमी झालेलं. मागचं सील दाबानं खरंच फाटलं होतं. ते शहरात मिळणार होतं. आबा पुढच्या सीटवर बसले.

दवाखान्यात मशीनवर घेण्याआधी आबांचं वजन बासष्ट किलो चारशे ग्रॅम भरलं. चार तासांनी, अंगात साठलेलं पाणी निघाल्यावर, एकोणसाठ किलो शंभर.