खुर्चीचं वेळापत्रक

सासऱ्यांच्या उशाशी एकच खुर्ची होती आणि तिच्यावर कुणी कधी बसायचं, याचं वेळापत्रक मी केलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर सगळ्यांनी माझं कौतुक केलं.

मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. म्हणजे चूक होऊन गेली की ती का झाली, याचा अहवाल लिहितो.

सासरे अर्जुनराव अकरा दिवस आयसीयूत, व्हेंटिलेटरवर होते. भेटायची वेळ संध्याकाळी पाच ते सव्वापाच, पास एक. रहाटणीतली सासरची भावकी मोठी, आणि आजाऱ्याला भेटून न जाणं आमच्यात लग्न चुकवण्यापेक्षा वाईट. त्यामुळे रोज पास कुणातरी पाहुण्याकडे जायचा. सासूबाई, इंद्रायणीबाई, त्यांना मी मामी म्हणतो, अकरा दिवसांत दोनदा आत गेल्या. "ती काय, घरचीच हाय," असं सगळे म्हणायचे. मामीही तेच म्हणायच्या. फक्त आतून कुणी आलं की विचारायच्या, "पाय उघडं न्हाईत ना वो? गार हाय आत."

बाराव्या दिवशी सकाळी डॉक्टर मंजुषांनी आम्हाला बोलावलं. उपचार थांबवायला दोन समित्यांच्या सह्या झाल्या होत्या. त्या म्हणाल्या, "नळी काढतोय. त्रास होऊ देणार नाही, तशी औषधं सुरू आहेत. काही तास असतील, कदाचित कमी. आता त्यांच्याजवळ आपलं माणूस हवं. एकानं बसा. पास नको, वेळेचं बंधन नाही. कोण बसतंय?"

या प्रश्नाला उत्तर एकच होतं आणि ते भिंतीला टेकून उभं होतं.

"थोरला म्हून आधी मी बसतो," नानासाहेब म्हणाले. ते सासऱ्यांचे मोठे भाऊ.

"मग मी. मुलगा आहे मी," मेहुणा रोहिदास म्हणाला.

"आन् मारुतराव यायलेत वाटंवर. त्यांना न्हाई म्हणू नका," नानासाहेब म्हणाले. मारुतराव प्रभागातले इच्छुक. निवडणूक कुठलीही असो, ते इच्छुकच असतात.

आवाज वाढायला लागला, तसा मी फोन काढला. आमच्या कंपनीत भांडण लागलं की शिफ्ट लावतात. दहा ते बारा नानासाहेब, बारा ते दोन रोहिदास, दोन ते चार मारुतराव. चारच्या पुढे मामी. मी त्यांना समजावलंसुद्धा. "तुम्ही कालपासून उपाशी आहात. जेवा, जरा पडा. तुमच्यामागे कुणाचा नंबर नाही, मग हवं तेवढं बसा."

"बरं हाय," मामी म्हणाल्या. त्यांनी आयुष्यात मला दुसरं काही म्हटलेलंच नाही.

वेळापत्रक घरच्या ग्रुपवर टाकलं. एकोणीस अंगठे आले.

डॉक्टरांनी जाताना मला बाजूला घेतलं. "आजी का नाही बसल्या?"

"चारला आहेत ना," मी म्हणालो.

त्या मामींकडे वळल्या. मग कुणीतरी हाक मारली, म्हणून गेल्या.

नानासाहेब दीडपर्यंत उठले नाहीत. थोरल्या माणसाला ऊठ कोण म्हणणार? काचेतून दिसत होतं, हनुवटी छातीला टेकवून ते झोपले होते. रोहिदास अर्धा तास बसला आणि रडत बाहेर आला, त्याला बघवेना. दोनला मारुतराव आले. रोहिदास उठल्यावर मामींना आत पाठवता आलं असतं का, असं मी माझ्या अहवालात विचारलं असतं. आलं नसतं. मारुतराव दोनच्या ठोक्याला हजर होते. चांगली सवय.

मामी बाहेरच्या बाकड्यावर होत्या. जेवल्या नव्हत्या. लुगडं नीट करून, घड्याळाकडे तोंड करून बसल्या होत्या.

पावणेचारला मारुतराव फोनवर बोलत बाहेर आले आणि जिन्याकडे गेले. खुर्ची रिकामी होती. मामी उठल्या. मी म्हणालो, "येतीलच ते, मामी. पंधराच मिनिटं."

त्या खाली बसल्या.

चारला दहा कमी असताना सिस्टरनं मला बोलावलं. डॉक्टर मंजुषा पलंगाशी उभ्या होत्या. मॉनिटर बंद होता. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी बाहेर आलो. मामींनी मान वर केली. "माझा नंबर आला का, पावणं?"

"मामी, ते गेले."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "अजून धा मिन्टं हायत," म्हणाल्या, जणू कुणीतरी चुकून लवकर निघालं होतं. मग भिंतीला धरून उठल्या आणि आत गेल्या. खुर्ची त्यांनी उशाकडून ओढत पायथ्याशी नेली. बसल्या.

दारात वॉर्डचा माणूस ट्रॉली घेऊन आला होता. डॉक्टरांनी त्याला हातानं थांबवलं, पण तो गेला नाही, तिथंच उभा राहिला. कॉरिडॉरमध्ये नानासाहेब फोनवर सांगत होते, "माती सहाला. व्हय, सहालाच. पाव्हणं लांबचं हायत."

मामींनी मागे वळून न बघता विचारलं, "माझ्यामागं कुणाचा नंबर हाय का आता?"

"नाही," मी म्हणालो. "तुम्ही बसा."

ट्रॉलीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी फोनकडे पाहिलं. ग्रुपवर कुणीतरी विचारत होतं, पुढचं वेळापत्रक कधी टाकताय.