मी हिरवा दिवा लावला

मी एक जुना मोबाईल आहे. माझ्या काचेला तडा गेला आहे, पाठीला रबरबँड आहे, आणि बॅटरी अशी की शेजारणीचं बोलणं संपण्याआधी मीच संपतो! तरी मित्रांनो, मला कमी लेखू नका. खामगावच्या विज्ञान प्रदर्शनात माझ्यासाठी टाळ्या पडल्या आहेत.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते आठवत नाही. आठवतं ते जानेफळचं घर. जनकाबाई शाळेत मुलांची खिचडी शिजवतात. त्यांनी मला सेकंडहँड घेतलं. घरातच स्वतःची पिठाची गिरणी टाकायची, एवढं एकच त्यांच्या मनात होतं. त्यासाठी साठवलेले पैसे बँकेत होते, आणि त्या बँकेची किल्ली म्हणजे मी.

त्यांची रेणुका दहावीत. तिने आणि तिच्या मैत्रिणीने, सारिकाने, माझ्यात एक ॲप बनवलं. नाव ‘राखण’. पाखरांपासून पीक राखतात ना, तसं फसव्या फोनपासून माणसं राखायची! फोन स्पीकरवर घेतला की राखण बोलणं ऐकणार. ठग असला तर मी लाल दिवा लावायचा, आपला माणूस असला तर हिरवा.

पण एआय म्हणजे लहान मूलच. ऐकवाल तेच शिकणार. ठगांचे आवाज रेणुकाच्या शाळेतल्या सरांनी इंटरनेटवरून मिळवले. सगळे हिंदीत, नाहीतर शहरी मराठीत. मग चांगल्या माणसांचे आवाज? त्यासाठी रेणुका मला घेऊन गावभर हिंडली.

“कचरूकाका, बोला नं काही!”

“काय बोलू वं पोरी? म्हैस पान्हा चोरून राह्यली, हे सांगू काय तुह्या मशिनीले?”

“हाव, हेच सांगा!”

प्रदर्शनात सरांनी ठग बनून हिंदीत धमकावलं आणि मी लालेलाल झालो. काय टाळ्या! त्या दिवसापासून जनकाबाई मला पदराने पुसून ठेवायच्या. काय सांगू, मी फुगून गेलो होतो.

मग एका दुपारी अनोळखी नंबर आला. रेणुका शाळेत होती. जनकाबाईंनी शिकवल्याप्रमाणे मला स्पीकरवर घेतलं.

“आत्या, वळखलं नाही काय मले? इतक्यात इसरली?”

आता ‘कोण तुम्ही’ असं भाच्याला कसं विचारणार? लग्नसराईचे दिवस. माणूस रुसायचा! जनकाबाई घाईने म्हणाल्या, “कोण, किसनदादाचा दीपक काय रे?”

“हाव, तोच! नंबर नवा घेतला. लगन जमलं माह्यं. पत्रिका पाठोली, उघडून पाह्य. आली नाही तं बोलणार नाही बरं तुह्याशी!”

राखणीने कान देऊन ऐकलं. बोली कचरूकाकांसारखी, गोडवा घरचा. तिने मला खूण केली आणि मी हिरवा दिवा लावला.

जनकाबाईंनी पत्रिकेवर बोट ठेवलं. ती पत्रिका नव्हतीच, ते माझ्यात शिरणारं दुसरंच ॲप होतं. ‘अनोळखी ठिकाणचं आहे, आत घेऊ का?’ असं मी विचारलं हो. पण इंग्रजीत विचारलं. हिरवा दिवा पाहून त्यांनी ‘हो’ दाबलं.

पुढे मी माझा राहिलोच नाही. बँकेचे गुप्त आकडे माझ्याकडे येत होते आणि मीच ते त्या चोराला पाठवत होतो. ओरडायला माझ्याकडे स्पीकर होता, पण तोंड नव्हतं. शेजारी जनकाबाई लग्नात कोणतं लुगडं नेसायचं ते ठरवत होत्या.

संध्याकाळी रेणुकाने मला हातात घेतलं आणि पैसे गेल्याचे बँकेचे मेसेज एकामागून एक वाचले. मदतीच्या नंबरवर फोन झाला, तक्रार लिहून झाली. खातं मात्र रिकामं.

“माय, मीच शिकवलं त्याले,” ती हुंदके देत म्हणाली. “आपल्यावाणी बोलते तो आपला, असं.”

जनकाबाईंनी मला तिच्या हातातून घेतलं. “मंग त्याचं काय चुकलं? मीही तं तेच समजून राह्यली होती.”

मित्रांनो, मला कुणी आपटलं असतं तर बरं झालं असतं. रेणुकाने माझ्यातली सगळी ॲप्स पुसली, राखण नव्याने बनवायला घेतली. आता ती बोली ऐकून दिवा लावणार नाही. ‘आधी नाव सांगा, मग आम्ही जुन्या नंबरवर फोन करू’ एवढंच म्हणायला ती शिकते आहे. पण गिरणीचं नाव घरात कुणी काढत नाही.

काल पिंपळगाव राजाहून दीपकचा फोन आला. खऱ्या दीपकचा, जुन्याच नंबरवरून. मी काचेवर त्याचं नाव मोठ्ठं दाखवलं. थरथरलो, वाजलो. जनकाबाईंनी मला उचललं, नाव वाचलं आणि पालथं घातलं.

तुमच्या मायला, आत्याला फोन कराल तेव्हा ‘ओळखलं का’ म्हणून कोड्यात पाडू नका. आधी आपलं नाव सांगा. त्यांनी दहादा खात्री केली तरी रुसू नका. नाहीतर खरी माणसंही माझ्यातून हाका मारत राहतील, आणि मी असाच पालथा पडून वाजत राहीन.