मागं बघ, अफान

हाशिमला काही सांगायचं नाही, हा नियम रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या त्या घरात कुणी लिहून लावला नव्हता. गरजच नव्हती. बाप नूरमहंमद स्वतः बावीस वर्षं कुवेतला होता. त्याची आई गेली तेव्हा त्याला चाळिसाव्या दिवसाचा विधी उरकल्यावर कळवलं होतं, आणि त्याला त्याचा राग नव्हता, उलट कौतुकच होतं. "लांबच्या माणसाला धड रडायला पण जागा नसते. कशाला सांगायचं?" असं तो म्हणे. आता त्याचा थोरला हाशिम सहा वर्षं दोह्याला होता, आणि त्याला काय सांगायचं नाही ते सांभाळायचं काम बहीण रुखसारकडं आलं होतं. फार नव्हतं, एकच गोष्ट होती. धाकटा अफान पुन्हा कधी उठणार नव्हता.

सहा वर्षांपूर्वी दोघं भाऊ मोटरसायकलवरून पेणला गेले होते. कशाला, तर टीव्हीला जोडायचा जुना गेमचा डबा दुरुस्त करून आणायला! गाडी हाशिम चालवत होता. परत येताना वडखळच्या पुढं समोरून ट्रेलर आला, हाशिमनं गाडी कडेला दाबली आणि ती घसरली. हाशिमच्या कोपराला सात टाके पडले. अफानची मान मोडली. आणि अफानच्या पाठीवरच्या पिशवीतल्या त्या मेल्या डब्याला साधं खरचटलंसुद्धा नाही. अहो, आजही चालतो तो.

चार महिन्यांनी हाशिम दोह्याला गेला, तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी अजून आशा सोडली नव्हती. "सहा महिने बघू," एवढंच ते म्हणाले होते, आणि तेवढंच घेऊन हाशिम विमानात बसला. पुढं काय झालं ते त्याला कुणी कळवलं नाही. अफानच्या मानेत सळ्या घातल्या, ती आता इकडची तिकडं होत नाही. डावा हात गेला. उजव्याचा अंगठा आणि दोन बोटं तेवढी हलतात. पण शुक्रवारचा व्हिडिओ कॉल आला की रुखसार भावाची दाढी करून द्यायची, नवा शर्ट चढवायची, दोन्ही बाजूंनी उशा लावायची आणि फोन असा धरायची की नुसता हसरा चेहरा दिसावा. "सुधारतोय रे भाय. पाय तेवढे कच्चे हायत." तिकडं हाशिम डोळे पुसायचा. पहिल्या वर्षी एकदा त्यानं आठवडाभर जेवण सोडलं होतं, खोलीतल्या मित्रांनी घाबरून फोन केला होता. तेव्हापासून रुखसार जास्तच सफाईनं खोटं बोलायला शिकली. अफानलाही तेच हवं होतं. "भायनं स्वतःला माफ केलं नाय अजून. त्याला कळलं तर मरंल तो," असं तो म्हणायचा.

आता त्या गेमचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. त्याचं नाव मिस्टपोर्ट. घरात सगळे 'बंदरवाला' म्हणत. धुक्यातलं एक बंदर आणि दोन भाऊ. थोरला होडी वल्हवतो, धाकटा कंदील धरतो, आणि एकानं चूक केली की दोघं बुडतात. लहानपणापासून हाशिम वल्ह्यावर, अफान कंदिलावर. दोघांनी मिळून किती वेळा अम्मीचा, म्हणजे अजीजाचा, मार खाल्ला असेल त्याला सुमार नाही. तिसरा भाग आला तेव्हा अफान तेरा वर्षांचा होता. त्याच्या शेवटी थोरल्याची होडी धुक्यात शिरते, आणि धाकटा कंदील घेऊन धक्क्यावर उभा राहतो. बस्स, संपलं! चौथा भाग आलाच नाही. पोराला तिथं तसंच उभं करून कंपनी जी झोपली ती चौदा वर्षं.

अपघातानंतर अफान तोच जुना खेळ रुखसारबरोबर खेळायचा. चार वाजता तिच्या शिकवणीची मुलं घरी गेली की ती खाटेच्या कडेला बसायची आणि एकच रिमोट दोघं धरायचे. डावी बटणं तिची, उजवी त्याची. टीव्ही पायांशी, बरोबर समोर. रुखसारला पहिल्यांदा काही म्हणजे काही जमत नव्हतं, दर दोन मिनिटांनी होडी खडकावर. "आपा, तुला मासळी बाजारात पण धड चालता येत नाय, होडी काय चालवशील!" असं म्हणून अफान हसायचा. तो दिवसातून तेवढ्याच वेळी हसायचा, म्हणून ती शिकली. लग्नाचं विचारणारे विचारून थकले, पण चार वाजता ती खाटेपाशी असायचीच.

आणि मग दोन वर्षांपूर्वी कंपनी जागी झाली. चौथा भाग काढतोय, असं तिनं जाहीर केलं, पण तो फक्त व्हीआरमध्ये, डोक्यावर चष्मा बांधून खेळायचा. जुन्या खेळणाऱ्यांनी मत द्यावं: नुसता चष्म्यावर काढू की टीव्हीवर पण?

अफानच्या तोंडचं पाणीच पळालं. त्या चष्म्यात बघायचं तर मान वळवायची, कंदील धरायचा तर हात उचलायचा. बटणानं वळायची सोय ठेवणार नाही, असं कंपनीनं मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं. म्हणे खरंखुरं वाटायला पाहिजे! जुन्या खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर वाद पेटला. पेणची कुणी ऋतुजा होती, तिनं लिहिलं, "बंदरावर खरोखर उभं राहता येणार असेल तर टीव्हीचा हट्ट कशाला? काही लोकांसाठी सगळ्यांनी मागं का राहायचं?" बिचारीचा काय दोष? ते 'काही लोक' कोण हे तिला कुठं ठाऊक होतं? अफाननं बहिणीकडून कंपनीला पत्र लिहून घेतलं, इंग्रजीत. टीव्हीवर पण काढा, चौदा वर्षं वाट बघितलीय, हात जोडतो.

"का ते पण लिहू ना?" रुखसारनं विचारलं. "मानेचं?"

"नाय."

"अरे, त्याशिवाय त्यांना कसं कळंल?"

"दया नको मला. खेळणारा म्हणून ऐकत असतील तर ऐकू दे."

झालं! बापाचीच पोरं ना सगळी. हाशिमपासून लपवलं, कंपनीपासूनही लपवलं. कंपनीचं उत्तर आलं, आपल्या प्रेमाबद्दल आभार. सहा महिन्यांनी जाहीर झालं की बहुतेकांची पसंती बघून चौथा भाग फक्त चष्म्यावर येईल. त्या दिवशी चार वाजता अफान म्हणाला, "आपा, आज टीव्ही नको." दुसऱ्या दिवशीही नको म्हणाला. जुना डबा तिनं पुसून कपाटावर ठेवून दिला, आणि तो ठेवताना तिला जे रडू फुटलं ते अपघाताच्या दिवशीही फुटलं नव्हतं.

गेल्या महिन्यात चौथा भाग बाजारात आला. घरात कुणी त्याचं नावही काढलं नाही. आणि परवाच्या शुक्रवारी दारात रिक्षा थांबली. निडी गावचा साईराज, दोह्याला हाशिमच्या खोलीत राहणारा, सुट्टीवर आला होता. त्याच्या खांद्यावर भलामोठा खोका, वर मार्करनं ठळक लिहिलेलं: अफान, अष्टमी, रोहा. गल्फचा खोका म्हटलं की अजीजा नेहमी धावत यायची. आज साईराज खाटेकडं बघत उंबऱ्यातच थिजला, आणि त्याला बघून तीही थबकली.

"हाशिमभाय तर म्हणत होता, काठी घेऊन चालतो," तो हळूच रुखसारला म्हणाला. "त्याला माहीत नाय?"

"नाय. आणि तू पण सांगू नको. तुझ्या पाया पडते."

"रोज रात्री आम्हाला सांगतो गो तो, भाऊ बरा होतोय म्हणून." साईराजचा आवाज चढला. "खोलीतल्या सगळ्यांना सांगतो!" पण अजीजानं पदर तोंडाला लावलेला बघून तो खोका फोडायला बसला.

आत तो चष्मा होता. दोन महिने ओव्हरटाइम करून हाशिमनं दोन घेतले होते, एक इकडं, एक स्वतःला. रुखसार खोका बंद करायला वाकली. तेवढ्यात फोन वाजलाच. दोह्याला जुम्याची नमाज उरकली होती. आज चष्म्यातच भेटायचं म्हणून हाशिमनं व्हिडिओ न लावता नुसता आवाजाचा फोन केला होता.

"पोचला काय? अफान, खूश?" हाशिमचा आनंद फोनमध्ये मावत नव्हता. "अरे, हा चष्म्यावर कुणामुळं आला माहीत हाय? माझ्यामुळं! कंपनीनं मतं मागितली ना, तेव्हा आमच्या कामगारांच्या कॅम्पातल्या एक्केचाळीस जणांना बसवून मत द्यायला लावलं. बंगाली, नेपाळी, सगळे! म्हटलं, माझा भाऊ अजून नीट चालत नाय, निदान तिथं तरी बंदरावर चालेल."

रुखसारनं कपाटावरच्या जुन्या डब्याकडं बघितलं. एक्केचाळीस मतांनी काही दुनिया हलत नाही, हे तिला कळत होतं. पण ती मतं तिनंच दिली होती. दर शुक्रवारी उशा लावून, सहा वर्षं, तिनंच दिली होती.

"भाय, आज नको," ती कशीबशी म्हणाली. "त्याला जरा..."

"लाव, आपा," अफान म्हणाला. "एकदा बघू दे मला ते बंदर."

साईराजनं चष्मा बांधला, आणि अफानला दिसत होतं ते रुखसारच्या फोनवर आणलं. लाकडी धक्का, धुकं, पाण्याचा चुबुक चुबुक आवाज. अफानच्या चष्म्याच्या खालून पाणी गालावर आलं. "उभा हाय मी," तो म्हणाला. "अम्मी, मी उभा हाय गो."

"मी आलो बघ!" फोनमधून हाशिमचा आवाज आला. "तुझ्या पाठीशीच हाय. मागं बघ, अफान."

रुखसारनं अफानच्या सळ्या घातलेल्या मानेकडं बघितलं.

"अरे, मागं बघ ना!"

रुखसारनं साईराजला खूण केली. दोघांनी खाटेला हात घातला आणि उचलून, ओढून वळवायला लागले. मान वळत नाही तर अख्खा माणूस वळवू! लोखंडी खाट फरशीवर करकरली.

"कसला आवाज हाय?"

"काय नाय रे, अम्मी भांडी घासतेय," रुखसार धापा टाकत म्हणाली. फोनवर धक्का सरकत होता. धुकं, खांब, एका माणसाचा खांदा दिसायला लागला, आणि खाट कपाटाला अडकली. ती पुढंही जाईना, मागंही येईना. बारा बाय दहाची खोली ती, किती वळणार?

"बरं, राहू दे. मीच समोर येतो," हाशिम म्हणाला, आणि फोनवर तो चालत पुढं आला. गेममधला थोरला भाऊ, अंगात ओला कोट. त्यानं हात पुढं केला. "दे कंदील. सोळा वर्षं धरून उभा हायस, दमला असशील."

अफानचा उजवा हात चादरीवर पडला होता, रिमोट पट्ट्यानं बांधलेला. बंदरावरचा हातही तसाच लोंबकळत होता, कंदिलाचा उजेड जमिनीवर. रुखसारनं भावाचं मनगट धरलं आणि उचललं. फोनवर कंदील वर गेला. हाशिमचा हात त्याला लागला.

पण हाशिमनं कंदील घेतला नाही; तो हात कुणीतरी वर धरलेला होता. ज्या हातानं आयुष्यभर आपल्या शेजारी कंदील धरला, तो हात माणूस ओळखणार नाही काय?

"रुखसार," तो म्हणाला. "सोड त्याचा हात."

"भाय..."

"सोड गो. त्याचा त्याला देऊ दे."

तिनं सोडला. हात धपकन चादरीवर पडला, कंदील जमिनीवर गेला.

"कधीपासून?"

दारात उभा असलेला नूरमहंमद म्हणाला, "पहिल्यापासून, बेटा."

तिकडून काहीतरी आपटल्याचा आवाज आला. हाशिमनं चष्मा काढून टाकला असावा, कारण बंदरावरच्या थोरल्या भावाची मान खाली पडली, हात लोंबले आणि तो तसाच थिजून उभा राहिला. फोनमध्ये लांबून कुणीतरी मोठा माणूस ढसाढसा रडत होता, आणि त्याला सावरणारे वेगवेगळ्या भाषांतले आवाज येत होते.

रुखसार चष्म्याचा पट्टा सोडायला धावली. "काढते हं, काढते. माझंच चुकलं रे, मी सांगायला पाहिजे होतं..."

"नको काढू, आपा," अफान म्हणाला. मग आवाज होता नव्हता तेवढा चढवून तो बोलला, तिकडं जमिनीवर पडलेल्या चष्म्यात ऐकू जावं म्हणून. "भाय, रडून झालं की ये. मी इथंच हाय. दुसरीकडं बघताच येत नाय मला."