दाराला लावलेला धोंडा

लाकडाच्या वखारीत ती एकटी ओंडके हलवायची, म्हणून सगळे तिला ‘क्रेन’ म्हणत. गोळाफेक, भाला, धावणं, रस्सीखेच, कशातही कप हवा असला की गावाला तिची आठवण व्हायची. कप कपाटात गेला की संपलं.

त्या दिवशी मैदानात एकशे दहा किलोचा धोंडा छातीशी धरून चालायचं होतं. अकरा गड्यांपैकी लोहार सर्वात पुढे गेला, सतरा पावलं. शेवटी ती उठली. बावीस पावलं चालून तिने धोंडा अलगद खाली ठेवला.

अध्यक्षांनी माईक हातात घेतला. “पहिला नंबर आपल्या लोहाराचा. आणि ताईंनी हौसेखातर उचलून दाखवला, त्यांच्यासाठीही टाळ्या.”

मैदानाच्या कडेच्या खोलीत अध्यक्ष आणि दोन पंच चहा पीत होते, तिथे ती गेली.

“माझा अर्ज घेतला होतात ना?”

“घेतला हो. पण पहिल्या नंबरावर तुमचं नाव लावलं, तर पुढच्या वर्षी एकही गडी यायचा नाही. समजून घ्या.”

“बारा वर्षं समजूनच घेतेय.”

बाहेर नवरा उभा होता. “जाऊ दे ना. घरी चल.”

“तू हो पुढे. कुकर लाव.”

तिने खोलीचं दार बाहेरून लोटलं. मग मैदानातून धोंडा उचलून आणला आणि बाहेर उघडणाऱ्या त्या दाराला चिकटवून ठेवला. आतून धक्के बसू लागले. दार हललं नाही.

“हा काय प्रकार आहे?” अध्यक्ष खिडकीच्या गजांमागून ओरडले.

“हौसेखातर ठेवलाय.”

लोहार धोंडा हटवायला पुढे आला. तिने नुसतं पाहिलं, तसा तो जागीच थांबला. मग खाली मान घालून म्हणाला, “साहेब, सतरापेक्षा बावीस जास्तच असतात.”

बऱ्याच वेळाने गजांतून निकालाची वही बाहेर आली. तिने वाचली आणि परत आत सारली. “पावलंही लिहा.”

आकडा पडल्यावर तिने धोंडा वीतभर सरकवला. तिघे एकेक करून, पोट आत ओढून बाहेर पडले.

पुढच्या वर्षीच्या पत्रकावर ‘फक्त पुरुषांसाठी’ असं ठळक छापून आलं. तिचा राग उतरला नव्हताच, आणि तो उतरावा असं तिला वाटतही नव्हतं. तिने अर्ज भरला आणि अध्यक्षांच्या घरी स्वतः नेऊन त्यांच्या हातात दिला.